छप्पन गोळ्या आणि एक घाबरट कुत्री

पत्र बरंच लांब आहे म्हणून थोडक्यात सांगते. लिहिणाऱ्या ताई कोथरूडकडच्या. घरात तीन वर्षांची गावठी कुत्री, पिल्लू असताना सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेली, वजन १७ किलो. खरं नाव सांगत नाही, आपण तिला चिंगी म्हणू. चिंगीने जेवण सोडलं, अंग तापलं, रक्त तपासलं तर टिक फीवर, म्हणजे गोचिडीतनं येणारा आजार, निघाला, रिपोर्टवर एर्लिकिया असं लिहिलेलं. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, सकाळी एक संध्याकाळी एक, २८ दिवस. घरी गोळी थुंकते, तोंड धरायला गेलं की पलंगाखाली. म्हणून रोज सकाळी रिक्षाने क्लिनिकमध्ये नेतात आणि तिथे कंपाउंडर जबडा उघडून घालतो, संध्याकाळची घरी कधी जाते कधी नाही. पहिले दोन दिवस निभावलं, तिसऱ्या दिवशी टेबलावरच सू झाली, चौथ्या दिवशी कंपाउंडरच्या बोटाला दात लागले. आता डॉक्टर म्हणतात मझल (तोंडाला लावायचं मुसकं) घालून आणा नाहीतर आणू नका. मिस्टर म्हणतात खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला दोन इंजेक्शनांत टिक फीवर बरा झाला, आपणही तेच करू. सासूबाई म्हणतात लाडावून ठेवलंय, चार दिवस धरून घातली की येईल वळणावर. आणि ताईंचा प्रश्न असा की क्लिनिकमध्ये तिने शांतपणे गोळी घ्यावी म्हणून काय करू? शेवटी एक ओळ आहे, "वेटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघतात, लाज वाटते, माझंच काही चुकलंय का."

ताई, शेवटची ओळ आधी घेते. वेटिंगमध्ये बघणारे लोक तुम्हाला नावं ठेवत नसतात हो, आपला नंबर लागल्यावर आपलं ध्यान काय उजेड पाडणार या काळजीत असतात. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका क्लिनिकमधून एका कुत्र्याने जाहिरातींचा अख्खा स्टँड ओढत पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर नेला होता. त्या कुत्र्याचं नाव गोट्या आणि त्याच्या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. तेव्हा लाजेचं राहू द्या.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण गोट्याने मला तेरा वर्षं गोळ्या द्यायला लावल्या, त्यात हे डॉक्सीसायक्लिन दोनदा, त्यामुळे थोडं अनुभवाचं आणि थोडं डॉक्टरांना विचारून विचारून गोळा केलेलं असं लिहिते.

तुम्ही विचारलंय क्लिनिकमध्ये गोळी कशी घ्यायला लावायची. मला पत्र वाचताना दोनदा थांबून वाटलं की पण क्लिनिकमध्ये कशाला? २८ दिवस, दिवसाला दोन, म्हणजे ५६ गोळ्या. सहा दिवस झालेत, समजा दहाबारा गेल्या (किती खरंच पोटात गेल्या ते नंतर बोलू), म्हणजे चाळीसच्या वर अजून बाकी आहेत. रोज रिक्षा, रोज रांग, रोज ते टेबल. गोळी घरी जात नाही म्हणून आपण तिला जगातल्या तिच्या सगळ्यात नावडत्या जागी नेतोय आणि तिथे ती जाईल अशी आशा करतोय. जबरदस्तीने जाते, मान्य, पण प्रत्येक वेळी तिच्या डोक्यातलं गणित पक्कं होत जातं की रिक्षा म्हणजे टेबल, टेबल म्हणजे तोंडात बोटं. चौथ्या दिवशी दात लागले ते आश्चर्य नाहीच, आश्चर्य हे की तीन दिवस लागले नाहीत.

आणि ते टेबल कसलं असतं बघा ना. स्टीलचं, गार, गुळगुळीत, त्याच्यावर नखं धरत नाहीत, फिनाईलचा वास, त्याच्याखाली आधीच्या पंधरा घाबरलेल्या कुत्र्यांचा वास. तुम्हाला फक्त फिनाईल येतो, तिला सगळ्या पंधरांचा येतो. घाबरलेलं कुत्रं खात नाही. हट्ट म्हणून नव्हे, भीतीने भूकच मरते. घरी चिकनसाठी जीव टाकणारी चिंगी तिथे चिकनकडे बघत पण नसेल, म्हणून तिथे खाऊत घालून द्यायची युक्तीही फसते आणि मग उरतो फक्त जबडा. पुढच्या वेळी कशालाही नेलंत तर नीट बघा, काही खाल्लेलं नसताना ओठ चाटते का, झोप नसताना जांभया देते का, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं का, एक पंजा उचलून धरते का, आणि टेबलावरनं खाली घेतल्यावर तिथे मूठभर केस पडलेले असतात का. ही सगळी भीतीची लक्षणं आहेत आणि ती दात लावायच्या खूप आधी दिसतात. गुरगुरली तर रागावू नका, गुरगुरणं ही तिची "पुढे येऊ नका" अशी सभ्य नोटीस आहे, नोटीस बंद केलीत तर थेट कारवाई होते.

तुमचे डॉक्टर वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. सकाळी बाहेर वीस जण बसलेले असताना एका गोळीला दोन मिनिटांच्या वर देता येत नाहीत कुणालाच. फक्त जे काम घरी दहा मिनिटं निवांत बसून होतं ते तिथे दोन मिनिटांत करायला गेलं की असं होतं.

आता मिस्टरांचं इंजेक्शन. हे बऱ्याच जणांचं होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. टिक फीवर हे आपण बोलीत एक नाव ठेवलंय पण त्याच्या पोटात वेगवेगळे आजार आहेत, गोचिडीतनं येतात एवढंच त्यांचं नातं. तुमच्या रिपोर्टवरचा एर्लिकिया हा जीवाणू, तो पांढऱ्या पेशींत शिरतो, प्लेटलेट खाली आणतो, त्याला डॉक्सीसायक्लिनच लागतं आणि तेही साधारण चार आठवडे. दुसरा असतो बबेसिया, तो वेगळाच परजीवी, तांबड्या पेशींत बसतो, आणि त्याच्या एका प्रकाराला इमिडोकार्ब नावाचं इंजेक्शन देतात, एक आज आणि एक दोन आठवड्यांनी. खालच्या मजल्यावरच्याला बहुतेक तो झाला असणार. म्हणजे मिस्टर काही चुकीचं ऐकून आले नाहीत, फक्त आजार दुसरा होता. त्यांना रिपोर्ट दाखवून सांगा, "ऐकत नाही तुम्ही" असं म्हणून सांगू नका, मग ते अजून दोन घरांतनं माहिती काढून आणतील.

आणि सासूबाई. तुम्ही पत्रात मधेच एक वाक्य असंच टाकून दिलंय, की सासूबाई जेवायला बसल्या की चिंगी त्यांच्या पाटाशी जाऊन बसते आणि त्या पोळीचा शेवटचा तुकडा तिलाच देतात. अहो मग लाडावलं कुणी ते कळलं मला! पण चेष्टा सोडा, हेच तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. ज्या हातातनं ती न हुंगता खाते तो हात घरात आहे आणि आपण कंपाउंडर शोधतोय. तुमच्या हाताला सहा दिवसांत गोळीचा वास आणि जबरदस्तीची आठवण चिकटलीये, सासूबाईंच्या हाताला नाही. त्यांना "तुम्ही गोळी द्या" म्हणू नका, "आई, तुमच्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही ती" एवढंच म्हणा, खरंच आहे ते, बाकी त्या बघतील.

पण त्याआधी डॉक्टरांना एक फोन करा. मझलवरून वाद घालायला नको, तीन गोष्टी विचारायला. एक, दिवसाचा डोस दोनदा ऐवजी एकदाच देता येईल का. या औषधाचं तसं चालतं, काही डॉक्टर दोनदा विभागून देतात काही एकदम देतात, चिंगीला चालेल का हे मात्र तेच ठरवणार, तुम्ही मनाने दोन गोळ्या एकदम घालायच्या नाहीत. हो म्हणाले तर उरलेल्या गोळ्यांचा झगडा निम्मा झाला की. दोन, हेच औषध सिरपमध्ये किंवा कुत्र्यांसाठीच्या वासाच्या गोळीत मिळतं का. माणसांचं सिरप स्वतः जाऊन आणू नका, काहींत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो तो कुत्र्यांना विषारी आहे. तीन, ही गोळी कशातनं दिलेली चालेल. या तिसऱ्या प्रश्नावर माझी फजिती झाली होती ती सांगते.

गोट्याला पहिल्यांदा टिक फीवर झाला तेव्हा मी स्वतःवर फार खूश होते, कारण गोळी पेढ्यात दाबली की तो एका घासात गिळायचा. आठवड्याने रक्त दाखवायला गेले, डॉक्टरांनी सहज विचारलं कशातनं देता, मी ऐटीत म्हटलं पेढ्यातनं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं की दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून बसतं, मग ते आतड्यातनं रक्तात पुरतं जात नाही. याच्या जातीच्या जुन्या औषधांइतका मार हे खात नाही पण खातंच, आणि प्लेटलेट घसरलेल्या असताना आपल्याला तेवढंही परवडत नाही. म्हणजे पेढा नाही, पनीर नाही, चीज नाही, दही नाही. आपल्याकडे कुत्र्यांना काय द्यायचं म्हटलं की पहिला दहीभातच आठवतो, तर तो द्यायचाय तर दुपारी द्या, गोळीच्या आसपास नको. तशीच गत लोहाची. टिक फीवरमध्ये रक्त वाढायला टॉनिक लिहून देतात बऱ्याचदा, ते आणि ही गोळी एकत्र देऊ नका, मधे किती तास ठेवायचे ते त्याच फोनवर विचारून घ्या. आणि उपाशीपोटी पण नको, उलटी होते.

मग कशातनं? मांसाहारी घर असेल तर प्रश्नच नाही, उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा कलेजी, बोटाने खड्डा करून आत. पण तुमच्याकडे सासूबाईंच्या ओट्यावर चिकन शिजणार नाही असं दिसतंय, काही बिघडत नाही. उकडलेला बटाटा, उकडलेलं रताळं, पिकलेलं केळं, किंवा सगळ्यात भारी म्हणजे तुपात मऊ करून कुस्करलेल्या पोळीचा लाडू, गूळ न घालता. तुपाने गोळी बुळबुळीत होते, सरकते, आणि वास झाकतो. रश्श्यातलं चिकन नको कारण कांदा लसूण कुत्र्यांना वाईट, शिरा द्यायचा मोह झाला तर बेदाणे असतात त्यात, ते तर किडनीच घालवतात. पीनट बटर चालतं पण डब्यावर साखरविरहित लिहिलेलं असेल तर झायलिटॉल नाही ना ते वाचा.

आता द्यायची कशी. लाडू लहान करा, सुपारीएवढे, पाच. चार रिकामे, एकात गोळी. गोळी भरायचा हात वेगळा आणि रिकाम्या लाडवांचा हात वेगळा, नाहीतर पाचही लाडवांना तोच कडू वास लागतो आणि चिंगी पाचही हुंगून बाजूला ठेवते, मग आपण म्हणतो हुशार आहे हो, हुशार आहेच पण तिला आपणच सांगितलेलं असतं. लाडू स्वयंपाकघरात वळा, ती बाहेर फिरायला गेलेली असताना. त्या दिवसाच्या गोळ्या सकाळीच स्ट्रिपमधनं काढून छोट्या कोरड्या डबीत ठेवा, कारण आता स्ट्रिपचा तो कट्ट आवाज झाला की ती पलंगाखाली जात असणार, पैजेवर सांगते. (उलटही करता येतं, रिकामी स्ट्रिप दिवसात आठदहा वेळा उगाच वाजवायची आणि दर वेळी तुकडा टाकायचा. गोट्या शेवटी शेवटी माझी बीपीची गोळी काढली तरी धावत यायचा.)

मग सासूबाई जेवायला बसल्या की, त्यांच्या नेहमीच्या जागी, पहिला लाडू रिकामा, दुसरा रिकामा, तिसऱ्यात गोळी, आणि महत्त्वाचं म्हणजे तिसरा तोंडात गेला की लगेच चौथा तिच्या नाकासमोर दिसला पाहिजे. पुढचा मिळणार म्हटल्यावर हातातलं चावत बसायला कुणाला वेळ असतो, मांडवात जिलब्या वाढताना बघा आपली माणसं. चौथा, पाचवा, संपलं. कुणी तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, "गेली का गेली का" करायचं नाही, श्वास रोखून उभं राहायचं नाही. पहिले दोन दिवस तर पाचही रिकामेच द्या असं एरवी सांगितलं असतं, पण कोर्स चालू आहे तर तेवढी चैन नाही, फक्त दुपारी एकदा रिकाम्या लाडवांची फेरी करा म्हणजे लाडू आला की गोळी आलीच असं तिच्या डोक्यात बसणार नाही.

मग पाणी. हे सोडू नका. ही गोळी कोरडी कोरडी अन्ननलिकेत अडकून बसली तर तिथे जखम करते, म्हणून मागनं लाडू किंवा भाताची पातळ पेज पोटात गेलीच पाहिजे, नाहीतर सिरिंजने पाचसहा मिली पाणी. सिरिंज म्हणजे सुई नसलेली, गालाच्या बाजूने, हळूहळू, मान वर न करता. नाक आकाशाकडे करून ओतलं तर पाणी फुप्फुसात जायची भीती.

समजा लाडूही ओळखले एखाद्या दिवशी. तर हाताने द्यायची पद्धतही माहीत असावी, फक्त ज्यांचं कुत्रं चावायच्या बेतात नाही त्यांनीच, आणि तुमच्याकडे निदान आठवडाभर तरी कुणीच नाही. कुत्र्याला जमिनीवर, कोपऱ्यात किंवा आपल्या पायांमध्ये पाठमोरं बसवायचं, म्हणजे त्याला मागे सरकता येत नाही आणि आपण अंगावर वाकून येत नाही. एका हाताने वरचा जबडा सुळ्यांच्या मागे धरायचा, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा पुढून उघडायचा, गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यावर अगदी मधोमध, तोंड बंद, गळा वरून खाली चोळायचा किंवा नाकावर हलकी फुंकर. जीभ बाहेर काढून नाक चाटलं की समजायचं गिळलं. जिभेच्या टोकावर ठेवलीत किंवा कडेला पडली तर थुंकणारच, त्यात त्याचा काही दोष नाही. या सगळ्याची तयारी आजारपण नसताना करायची असते खरं तर, रोज टीव्ही बघताना थुतरीला हात, खाऊ, ओठ उचलला, खाऊ, एवढंच. ज्यांच्या घरी आत्ता धडधाकट पिल्लू आहे त्यांनी आजपासून करा, पुढची दहा वर्षं दुवा द्याल.

कुटून जेवणात मिसळू का असंही तुम्ही विचारलंय. नको. कडू औषध कुटलं की सगळं जेवण कडू, मग जेवणही गेलं आणि गोळी किती गेली कळतही नाही, आणि आधीच भूक गेलेल्या कुत्रीचं जेवणावरनं मन उडालं तर फार महागात पडतं. कॅप्सूल उघडणं, कोटिंगवाली गोळी तोडणं हेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. कडू गोळ्या रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये भरून देतात तेही एकदा विचारून बघा, जुलाबावर देतात ते मेट्रोनिडॅझोल तर इतकं कडू असतं की जिभेला लागलं तर तोंडातनं फेस काढतात आणि आपण घाबरून फोन लावतो, तो बहुतेक वेळा नुसता चवीचा फेस असतो.

क्लिनिकला मात्र जावं लागणारच आहे, प्लेटलेट बघायला. तर ते जाणं गोळीपासून वेगळं काढा. संध्याकाळची वेळ या दिवसांत घेऊ नका, गणपती जवळ आलेत, नदीपात्राच्या बाजूला आणि जिथे मोकळी जागा मिळेल तिथे ढोलताशाची प्रॅक्टिस चालू आहे, आधीच घाबरलेल्या कुत्रीला त्यातनं रिक्षाने न्यायचं म्हणजे टेबलावर चढायच्या आधीच ती संपलेली असते. सकाळची पहिली वेळ मागा. आत वेटिंगमध्ये न बसता बाहेर झाडाखाली थांबा, नंबर आला की हाक मारा म्हणून सांगून ठेवा. घरची सतरंजी न्या आणि डॉक्टरांना विचारा की जमिनीवरच बघाल का, गुडघे दुखत नसतील तर बरेच डॉक्टर खाली बसतात. टेबलच हवं असेल तर सतरंजी टेबलावर, निदान पाय घसरत नाहीत. रक्त काढताना तोंडासमोर चाटायला काहीतरी धरा, खाल्लं तर उत्तम, नाही खाल्लं तर भीती किती आहे ते तुम्हाला मोजता आलं. आणि बरी झाल्यावर महिन्यातनं एकदा नुसतंच जायचं, वजनकाट्यावर उभं करायचं, खाऊ, परत घरी. टेकडीवरनं येताना पाच मिनिटं वळायचं तेवढंच.

इतकं करूनही ती थरथरतच असेल तर डॉक्टरांना भीतीच्या औषधाबद्दल विचारायला लाजू नका. गॅबापेंटिन, ट्रॅझोडोन अशी औषधं जायच्या आदल्या रात्री किंवा दोनेक तास आधी देतात, कुत्रं शुद्धीत असतं पण धास्ती कमी होते. लिव्हर कसं आहे, बाकी काय चालू आहे हे बघून तेच ठरवणार, मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नाही, आणि तुमच्या कपाटातल्या माणसांच्या झोपेच्या नाहीतर दुखण्याच्या गोळ्यांतली तर एकही नाही. ब्रुफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते, हे सगळ्यांसाठीच लिहितेय कारण ताप आहे म्हणून अर्धी दिली असं सांगणारे अजून भेटतात.

मझल. तुम्ही ते शिक्षा म्हणून वाचलंय, "माझ्या चिंगीला मझल" असं उद्गारचिन्ह टाकून लिहिलंय. मला ते तसं वाटत नाही. ज्या माणसाच्या बोटाला दात लागले त्याला रोज पंचवीस जबडे उघडायचेत, भीक नको पण कुत्रं आवर अशी त्याची अवस्था झाली असेल तर त्याचं काय चुकलं. फक्त तो कापडाचा, तोंड करकचून बांधणारा घेऊ नका, त्यात जीभ बाहेर काढून धापता येत नाही, घाबरलेलं कुत्रं तापतं आणि अजून घाबरतं. जाळीचा, टोपलीसारखा मिळतो, त्यात पाणी पिता येतं, तुकडा भरवता येतो. आणून थेट क्लिनिकच्या दारात चढवायचा नाही, आधी घरी त्यात बटाटा ठेवून तिचं तिला तोंड घालू द्यायचं, पट्टा लावायचा प्रकार तीनचार दिवसांनी. कंपाउंडरची चौकशी करा, कातडी फुटली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि माणसांच्या डॉक्टरला दाखवायचं, चिंगीचं रेबीजचं इंजेक्शन वेळेवर झालेलं असलं तरीसुद्धा. तिचं लसीचं कार्ड त्यांना नेऊन दाखवा. आणि जाताना काहीतरी खायला न्या त्याच्यासाठी पण, बाकरवडी वगैरे.

दोनतीन दिवसांत तिचा ताप उतरेल, कदाचित उतरलाही असेल, जेवायला लागेल, उड्या मारेल. तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणणारच की आता बरी आहे, कशाला छळता, बंद करा. बंद करायचं नाही, डॉक्टर सांगेपर्यंत. आणि गोचिडीचं औषध चालू आहे ना तेही बघा, नाहीतर एकीकडनं गोळ्या आणि दुसरीकडनं पार्किंगच्या भिंतीतनं नव्या गोचिड्या, सोसायटीत बाकीच्या कुत्रेवाल्यांना पण सांगा.

मांजरवाल्या दोघीतिघींनी मला याच विषयावर लिहिलंय. बायांनो, यातलं जवळपास काहीही मांजराला लागू नाही, तुमच्यासाठी वेगळं लिहावं लागेल आणि आधी मला हिंमत गोळा करावी लागेल.

चिंगीच्या गोळ्या किती पोटात गेल्या ते नंतर बोलू म्हटलं होतं. गोट्याचा तो पहिला कोर्स संपला आणि दिवाळीच्या साफसफाईला आम्ही हॉलमधला दिवाण सरकवला, तर मागे भिंतीशी सात गोळ्या. पेढ्याचं सगळं चाटून स्वच्छ, अर्धवट विरघळलेल्या, त्यांना केस चिकटलेले, आणि मी रोज वहीत बरोबरची खूण करत होते. तेव्हा आज संध्याकाळी पलंगाखाली टॉर्च मारून झाडू फिरवा, सोफ्याच्या गादीखाली हात घाला, तिच्या अंथरुणाची घडी झटका. ज्या सापडतील त्या मोजा आणि डॉक्टरांना फोन कराल तेव्हा तो आकडा पण सांगा, लपवू नका, कोर्स लांबवायचा का ते त्यांना त्याच्यावरनं ठरवायचंय. बुडाल्यात म्हणून भरपाईला दोन एकदम देऊ नका.